रूट रीड-ओन्ली असलेल्या मशीनवर पॅकेज टाकताना

आम्ही बसवून देतो त्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या फाइली असलेली मुख्य जागा, मुद्दाम रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) ठेवलेली असते. अचानक वीज गेली तरी सिस्टिमच्या फाइली अर्धवट लिहिल्या जात नाहीत. पॅकेजांची नोंद आणि लॉग ठेवणारं '/व्हार' (/var) वेगळ्या पार्टिशनवर आहे, तिथे नेहमी लिहिता येतं.

नवं पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकायला रूट तेवढ्यापुरती लिहिण्यासाठी उघडावी लागते. ते काम एपीटीच्या (apt, डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) सेटिंगमध्येच घालून ठेवलं आहे: आधी रूट रीड-राइट होते, काम झालं की परत रीड-ओन्ली. थेट डीपीकेजीने (dpkg, एपीटी आतून वापरतं ते साधन) पॅकेज टाकलंत तर मात्र ही सोय चालत नाही आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा एरर येतो. म्हणून एपीटीच वापरा.

ग्राहक अडतात ते रूट परत रीड-ओन्ली करताना, म्हणजे बंद करताना. अपग्रेड नीट होतो आणि शेवटी 'बिझी' असा संदेश येतो. समजा ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनसाठीची) लायब्ररी बदलली. दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर आधीपासून चालू आहे, तो जुनीच प्रत धरून बसतो. त्या फाइलचं नाव डिरेक्टरीतून गेलेलं असतं, पण डिस्कवरची जागा सर्व्हरने सोडल्याशिवाय मोकळी होत नाही. जागा मोकळी करणं म्हणजे डिस्कवर लिहिणंच, आणि ते बाकी असताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) रूट बंद करू देत नाही. हा संदेश कृपया दुर्लक्षू नका. सुरक्षेसाठी केलेला अपग्रेड त्या सर्व्हरपर्यंत अजून पोचलेलाच नाही, हेही तो सांगतो आहे.

'एलएसओएफ +एल१' (lsof +L1) चालवा. पुसलेल्या फाइली कोणी धरल्या आहेत ते दिसेल. ती सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि रूट पुन्हा रीड-ओन्ली माउंट करा. यादीत सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) असेल तर 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीएक्झेक' (systemctl daemon-reexec) पुरतं.

काही छोट्या मशीनवर ओव्हरले आहे, म्हणजे रूटवरचे बदल डिस्कऐवजी मेमरीत ठेवणारा थर. तिथे पॅकेज बिनतक्रार बसतं, पण ते मेमरीत. रीबूट झालं की गेलं. अशा मशीनवर आधी ओव्हरले बंद करून बूट करा, मग पॅकेज टाका.

काम झाल्यावर 'फाइंडएमएनटी /' (findmnt /) चालवून बघा. ऑप्शनमध्ये 'आरओ' (ro, रीड-ओन्ली) दिसायला हवं. 'आरडब्ल्यू' (rw, रीड-राइट) दिसलं आणि कारण सापडेना, तर रीबूट करण्याआधी एलएसओएफचं आउटपुट आम्हाला पाठवा. रीबूटनंतर फाइल कोणी धरली होती हे शोधता येत नाही.