चिलखत घातलेल्या राजाला कप्पीने घोड्यावर चढवायचे?

मध्ययुगातले इंग्लंडचे राजे-सरदार लोखंडी चिलखत घातलं की स्वतः घोड्यावर चढूच शकत नसत, दोरखंड-कप्पीने उचलावं लागायचं, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि म्युझियममधलं ते धूड बघून कुणालाही खरंच वाटेल. पण वजन बघा ना, लढाईचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलो, म्हणजे भरलेल्या गॅस सिलेंडरपेक्षा कमीच, शिवाय ते पट्ट्यांनी अंगभर वाटलेलं, गुडघ्या-कोपरांना वळणारं. 1415 मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत तर इंग्लंडचा राजा चिलखतात पायीच लढला, तेही चिखलात! खेळातल्या भालाझुंजीचं चिलखत मात्र जास्त जड असायचं. खात्री करायचीय तर म्युझियमच्या पाटीवर वजन वाचा, नाहीतर यूट्यूबवर तसंच चिलखत घालून पळणारे, घोड्यावर चढणारे लोक आहेतच.