नाडकर्णी, बापू

(४ एप्रिल १९३३ – १७ जानेवारी २०२०). भारतीय कसोटी क्रिकेटपटू. संपूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म नाशिक येथे. डावखुरे फलंदाज, डावखुरे संथगती फिरकी गोलंदाज आणि फलंदाजाच्या अगदी जवळ निधड्या छातीने उभे राहणारे क्षेत्ररक्षक. डिसेंबर १९५५ ते मार्च १९६८ या काळात ते भारताकडून ४१ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनी २५.७० च्या सरासरीने १,४१४ धावा केल्या आणि २९.०७ च्या सरासरीने ८८ बळी घेतले. मद्रास येथे जानेवारी १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव (एकही धाव न देता) टाकली. त्यांचे नाव प्रामुख्याने याच विक्रमासाठी घेतले जाते.

शिक्षणाच्या निमित्ताने नाडकर्णींचे क्रिकेट पुण्यात आकाराला आले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या संघातून १९५०–५१ च्या हंगामात ते आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत उतरले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या रणजी संघात आले. त्यांचे पहिले प्रथम श्रेणी शतक मुंबईविरुद्ध, तेही ब्रेबर्न स्टेडियमवर झाले. त्या काळी मुंबईच्या गोलंदाजीला मुंबईतच तोंड देणे ही महाराष्ट्राच्या कोणत्याही फलंदाजाची खरी परीक्षा मानली जाई. कसोटी पदार्पण डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध झाले. विनू मंकड यांना त्या सामन्यात विश्रांती दिल्यामुळे ही संधी चालून आली होती. बॅटने त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या. गोलंदाजीत मात्र ढीगभर षटके टाकूनही बळी मिळाला नाही. मंकड परतताच नाडकर्णींना जागा सोडावी लागली. संघात डावखुऱ्या फिरकीला एकच जागा आणि तिच्यावर मंकडांसारखा खेळाडू, अशा अडचणीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. पुढे सलीम दुराणी आणि कारकिर्दीच्या अखेरीस बिशनसिंग बेदी यांच्याबरोबर त्यांना हीच जागा वाटून घ्यावी लागली.

गोलंदाजी. नाडकर्णींचा चेंडू फार वळत नसे आणि हवेत फारशी उंचीही घेत नसे. त्यांची सारी मदार टप्पा आणि दिशा यांवर होती. चेंडू खेळपट्टीवर नेमक्या त्याच जागी पडे. पुढे येऊन खेळावे तर टप्पा आखूड वाटे आणि मागे जावे तर तो अंगावर येई. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत, ही त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत आहे. ती सांगताना नेमबाजीच्या कौतुकावर भर दिला जातो. तासन्‌तास एकच गोष्ट त्याच निष्ठेने करण्याची तयारी हा तिचा खरा गाभा आहे. कसोटीत त्यांनी ९,१६५ चेंडू टाकून २,५५९ धावा दिल्या, म्हणजे षटकामागे १.६७ धावा. दीर्घ कारकीर्द झालेल्या गोलंदाजांत दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर गॉडर्ड यांचा १.६४ हा दर तेवढा याहून सरस आहे. दुसऱ्या बाजूने पाहता एका बळीसाठी त्यांना सरासरी १०४ चेंडू लागले. या आकड्याच्या आधारे काही टीकाकारांनी त्यांना केवळ धावा रोखणारा गोलंदाज ठरवले. पाकिस्तानविरुद्ध १९६०–६१ च्या मालिकेतील कानपूर (३२ षटके, २४ निर्धाव, २३ धावा, एकही बळी नाही) आणि दिल्ली (३४ षटके, २४ निर्धाव, २४ धावा, १ बळी) येथील पृथक्करणे (गोलंदाजीचे आकडे) या मताला पुष्टी देतात. मात्र ऑक्टोबर १९६४ मध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे एकाच सामन्यात ११ बळी घेतले. भारत तो सामना हरला, म्हणून ही कामगिरी काहीशी झाकली गेली. त्या सामन्याची दखल घेतली तर टीकाकारांचे मत एकांगी ठरते.

मद्रासची २१ षटके. हा सामना १० जानेवारी १९६४ पासून मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर झाला. मन्सूर अली खान पतौडी यांच्या नेतृत्वाखालील भारताने बुधी कुंदरन (१९२) व विजय मांजरेकर (१०८) यांच्या शतकांच्या जोरावर ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला. इंग्लंडच्या संघातील काही खेळाडू पोटाच्या विकाराने बेजार होते. ब्रायन बोलस व केन बॅरिंग्टन यांनी खिंड लढवण्याचे धोरण ठेवले. नाडकर्णींचे अंतिम पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी असे आहे. चार स्पेलमध्ये (एका दमात टाकलेल्या षटकांच्या सत्रांत) ते असे विभागले जाते : ३ षटके, ३ निर्धाव, धाव नाही; ७ षटके, ५ निर्धाव, २ धावा; १९ षटके, १८ निर्धाव, १ धाव; ३ षटके, १ निर्धाव, २ धावा.

हे आकडे शेजारी मांडले की एक गोष्ट ध्यानात येते. सलग २१ षटकांची मालिका एका दमात टाकलेल्या स्पेलमधील असणे शक्य नाही, कारण सर्वांत मोठ्या स्पेलमध्येही निर्धाव षटके १८ च आहेत. दुसऱ्या स्पेलच्या अखेरीस ती सुरू झाली आणि मध्ये विश्रांती घेऊन तिसऱ्या स्पेलमध्ये चालू राहिली. चेंडू खाली ठेवून, पुन्हा हाती घेऊन तोच टप्पा सापडावा, हे मला अखंड स्पेलपेक्षाही अवघड वाटते. लोकप्रिय लिखाणात मात्र ही बाब क्वचितच येते.

विक्रमाच्या स्वरूपाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार हा कसोटीतील सर्वांत दीर्घ धावविरहित मारा होय. दुसरे मत दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड यांच्या बाजूचे आहे. त्यांनी १९५६–५७ च्या मालिकेत डर्बन येथे इंग्लंडविरुद्ध सलग १३७ चेंडूंवर धाव दिली नाही. नाडकर्णींचे असे चेंडू १३१ भरतात. घोटाळ्याचे मूळ षटकाच्या लांबीत आहे. दक्षिण आफ्रिकेत त्या काळी षटक आठ चेंडूंचे होते, भारतात सहा चेंडूंचे. टेफील्ड यांची १६ निर्धाव षटके म्हणजे १२८ चेंडू आणि नाडकर्णींची २१ म्हणजे १२६; उरलेले चेंडू मालिकेच्या टोकांच्या अर्धवट षटकांतले. त्यामुळे षटके मोजली तर नाडकर्णी पुढे, चेंडू मोजले तर टेफील्ड पुढे, असा हिशेब मांडणे अधिक युक्त दिसते. ‘सलग निर्धाव षटकांचा विक्रम’ हे वर्णन अचूक आहे; ‘सर्वाधिक निर्धाव चेंडू’ असे म्हणू नये. शिवाय निर्धाव षटक म्हणजे संघाला धावच मिळाली नाही असे नव्हे. बाय व लेगबाय गोलंदाजाच्या नावावर पडत नाहीत, आणि वाइड व नोबॉलही त्या काळी त्याच्या खात्यात धरले जात नसत.

त्या डावात बळी घेतले ते पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी, ८८ धावांत ५. एका टोकाने धावा पूर्ण बंद झाल्या की दुसऱ्या टोकाला फलंदाज हात मोकळे करू पाहतो आणि फसतो. बोर्डे यांच्या यशात नाडकर्णींचा वाटा तो हाच. सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतील पाचही कसोट्या तशाच सुटल्या.

फलंदाजी. याच मालिकेत कानपूरला नाडकर्णींनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि फॉलोऑननंतर (पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजीस उतरावे लागल्यावर) नाबाद १२२ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक होय. इंग्लंडला त्यांना दोन्ही डावांत बाद करता आले नाही आणि भारताने कसोटी वाचवली. २१ षटकांच्या गाजावाजात त्यांचे हे काम मागे पडले, ही खेदाची गोष्ट आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तर त्यांची फलंदाजी गोलंदाजीच्या तोडीची होती : १९१ सामन्यांत ४०.३६ च्या सरासरीने ८,८८० धावा व १४ शतके, तसेच २१.३७ च्या सरासरीने ५०० बळी. सर्वोच्च धावसंख्या नाबाद २८३, ही १९६०–६१ च्या रणजी उपांत्य सामन्यात मुंबईकडून दिल्लीविरुद्ध केलेली. तोवर ते महाराष्ट्र सोडून मुंबईकडे आले होते, आणि मुंबईच्या सलग १५ रणजी विजेतेपदांच्या (१९५८–५९ ते १९७२–७३) कालखंडातील कित्येक वर्षे त्यांनी त्या संघाला आधार दिला.

त्यांच्या आधीच्या पिढीत एकाच खेळाडूने दोन खेळांत देशाचे प्रतिनिधित्व केल्याचे दिसते. मद्रासचे कोटा रामस्वामी १९२२ मध्ये डेव्हिस चषकात टेनिस खेळले आणि १९३६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, मँचेस्टर येथे कसोटी क्रिकेटमध्ये उतरून त्यांनी पदार्पणातच ४० व ६० धावा काढल्या. तेही डावखुरे फलंदाज होते. नाडकर्णींच्या काळापर्यंत कसोट्या, रणजी आणि परदेश दौरे यांनी वर्षाचा मोठा भाग व्यापला होता, आणि अष्टपैलुत्व क्रिकेटच्याच तीन अंगांत दाखवावे लागे. त्यांपैकी तिसरे अंग क्षेत्ररक्षणाचे. हेल्मेट नसलेल्या त्या काळात ते फलंदाजाच्या बॅटीखाली उभे राहत.

शेवटची कसोटी मालिका न्यूझीलंडमधील (१९६७–६८). वेलिंग्टन येथे दुसऱ्या डावात त्यांनी ४३ धावांत ६ बळी घेतले. डावातील ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. भारताने ही मालिका ३–१ अशी जिंकली. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिलीच कसोटी मालिका. ऑकलंडच्या कसोटीनंतर, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे त्यांनी मुंबई क्रिकेट संघटनेत पदाधिकारी म्हणून काम केले आणि भारतीय संघाबरोबर सहायक व्यवस्थापक म्हणून दौरे केले. ‘छोडो मत’ हे त्यांचे पालुपद होते. कठीण वेळी ते ऐकून बळ मिळे, असे सुनील गावसकर यांनी त्यांच्या निधनानंतर सांगितले. मुंबई येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नाशिकशी संबंध. नाडकर्णींचे क्रिकेट घडले पुण्यात आणि बहरले मुंबईत. त्यामुळे त्यांना ‘नाशिकचे क्रिकेटपटू’ म्हणावे की ‘नाशिकला जन्मलेले’, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत नोंदकाराला दुसरे वर्णन अधिक प्रामाणिक वाटते, तरी त्यामुळे शहराचा अभिमान कमी होण्याचे कारण नाही. नाशिकमधील क्रिकेट आज मुख्यतः हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर खेळले जाते. डिसेंबर १९०९ मध्ये जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या क्रांतिकारकाचे नाव या मैदानाला दिलेले असले, तरी गावात ते ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखले जाते. महाराष्ट्राच्या संघाचे रणजी सामने तेथे झाले आहेत. नाडकर्णी ज्या संघातून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले, तोच हा संघ.