करारातील प्रकल्प-वर्गीकरण

एखादा प्रकल्प कोणत्या प्रकारात, किती मोठ्या आकारात किंवा जोखमीच्या कोणत्या पातळीत मोडतो हे करारात ठरवायचे आणि त्यावरून त्याला लागू होणारे नियम, दर, तपासण्या व जबाबदाऱ्या निश्चित करायच्या, अशी ही पद्धत. बांधकाम, प्रकल्प-कर्जे, सार्वजनिक खरेदी, कामगार-करार, चित्रपटनिर्मिती अशा अनेक क्षेत्रांत ती रूढ आहे. वर्गीकरणाची तरतूद बहुधा व्याख्यांच्या कलमात किंवा परिशिष्टातल्या तक्त्यात एखाद्या ओळीत असते. वाटाघाटींचा सारा भर किमतीवर आणि मुदतीवर असल्याने ही ओळ अनेकदा न वाचताच मान्य होते. काम अडले, बिल थकले किंवा खर्च वाढला, की दोन्ही पक्षांचे वकील प्रथम तिथेच बोट ठेवतात.

वर्ग ठरवण्याचे निकष ठरलेलेच आहेत : कामाचे स्वरूप, अंदाजित खर्च, कालावधी, जागा, संभाव्य हानी आणि डिझाइन कोणी करायचे. कोणता निकष निवडला यावरून करार कोणाला जपतो हे कळते.

बांधकामातील वर्ग आणि जोखीम

सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९१३) १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले नमुना-करार हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. मालक स्वतः डिझाइन देत असेल तर लाल पुस्तक, कंत्राटदाराने डिझाइनसह काम करायचे असेल तर पिवळे आणि सगळी जबाबदारी एकाच कंत्राटदारावर टाकून टर्नकी, म्हणजे वापरासाठी पूर्ण तयार, प्रकल्प ताब्यात घ्यायचा असेल तर चंदेरी, अशी ही विभागणी आहे. लहान कामांसाठी हिरवे पुस्तक आहे. मुखपृष्ठाचा रंग निवडला, की पुढच्या शेकडो पोटकलमांचा कल ठरून जातो.

कलम ४.१२ घ्या. लाल आणि पिवळ्या पुस्तकात ते अनपेक्षित भौतिक परिस्थितीविषयी आहे. खोदकाम करताना अनुभवी कंत्राटदारालाही निविदा भरताना कल्पना येऊ नये असा खडक किंवा पाणी लागले, तर वेळेवर नोटीस देऊन त्याला वाढीव मुदत आणि खर्च मागता येतो. चंदेरी पुस्तकात याच क्रमांकाचे कलम नेमके उलट सांगते : करारात वेगळे म्हटले नसेल तर सर्व अडचणींचा अंदाज घेण्याची जबाबदारी कंत्राटदाराने पत्करलेली असते आणि त्यापायी किंमत वाढत नाही. जमीन तीच, खडक तोच. वर्ग बदलला म्हणून खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो. म्हणूनच जमिनीखालचे काम मोठे असेल, किंवा निविदाकारांना जागा व माहिती तपासायला पुरेसा अवधी नसेल, तर चंदेरी पुस्तक वापरू नये असे फिडिकने स्वतःच त्याच्या प्रस्तावनेत बजावले आहे. हा इशारा डावलून, केवळ ‘किंमत पक्की राहते’ म्हणून तो नमुना निवडणे हे वर्गीकरणाच्या गैरवापराचे ठळक रूप आहे. बोगदे व भूमिगत कामांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र पाचू पुस्तक आले. त्यात जमिनीच्या अपेक्षित स्थितीचा आधार-अहवाल कराराचाच भाग केला जातो आणि प्रत्यक्ष जमीन त्याहून वेगळी निघाली तर जोखीम कोणाची हे त्या अहवालावरून ठरते.

मजुरीचे दर

अमेरिकेतील १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार २,००० डॉलरांहून अधिक रकमेच्या संघीय बांधकाम-कंत्राटांत मजुरांना त्या भागातील प्रचलित दराने मजुरी द्यावी लागते. हे दर कामाच्या चार वर्गांनुसार निघतात : इमारत, निवासी, महामार्ग आणि अवजड. ‘अवजड’ हा उरलेल्यांचा वर्ग आहे. धरणे, बोगदे, गाळउपसा यांसारखी बाकी तिन्हींत न बसणारी कामे त्यात जातात.

निवासी वर्गात एका कुटुंबाची घरे आणि जास्तीत जास्त चार मजल्यांच्या सदनिका-इमारती येतात. पाचवा मजला चढला की तीच इमारत ‘इमारत’ वर्गात जाते. सुतार तोच, प्लंबर तोच, हत्यारेही तीच. पण दरपत्रक बदलते. निवासी संकुलातले अंतर्गत रस्ते, वाहनतळ, जलवाहिन्या ही पूरक कामे सामान्यतः त्याच वर्गात धरली जातात. कंत्राटात योग्य दरपत्रक जोडण्याचे काम कंत्राट देणाऱ्या खात्याचे असते. ते चुकीचे जोडले गेल्याचे नंतर आढळले, तर योग्य दरपत्रक मागील तारखेपासून लागू करता येते आणि वाढलेल्या मजुरीची भरपाई कंत्राटदाराला मिळते. ही तरतूद न्याय्य आहे : चूक वर्गीकरण करणाऱ्याची असेल तर तिची किंमत मजुराने मोजू नये, आणि विश्वासाने निविदा भरणाऱ्यानेही नाही.

चित्रपटक्षेत्रात हीच भूमिका निर्मितीखर्च बजावतो. अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलावंत-संघटनेच्या अल्पखर्ची चित्रपटांच्या करारांत ३ लाख, ७ लाख आणि २० लाख डॉलर अशा मर्यादांचे टप्पे आहेत. कलावंताचे किमान मानधन त्या टप्प्यावर अवलंबून असते.

कर्ज-करारातील वर्ग

मोठ्या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँकांनी २००३ मध्ये स्वीकारलेली ‘इक्वेटर तत्त्वे’ प्रकल्पांना अ, ब, क अशा तीन वर्गांत टाकतात. पर्यावरणावर व लोकांवर मोठे आणि विविध किंवा पुन्हा भरून न येणारे परिणाम होऊ शकतात असा प्रकल्प अ वर्गात. मोजके, त्या जागेपुरते आणि बहुतांशी निस्तरता येणारे परिणाम असतील तर ब. नगण्य असतील तर क. अ वर्गाचा शिक्का बसला की परिणाम-मूल्यांकन, व्यवस्थापन-आराखडा, बाधित लोकांशी सल्लामसलत, तक्रार-निवारण आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून पडताळणी या गोष्टी कर्जाच्या अटी बनतात. ब वर्गात यांपैकी तक्रार-निवारण आणि स्वतंत्र पडताळणी गरजेनुसार लागतात. आराखडा न पाळणे हा मग कर्ज-कराराचाच भंग ठरतो. ज्यांचे गाव उठणार आहे ते या करारात पक्षकार नसतात, तरी त्यांना मिळणारे संरक्षण या एका अक्षरावर बरेच अवलंबून असते.

जागतिक बँकेने १ ऑक्टोबर २०१८ पासून जुनी अक्षरे सोडून उच्च, लक्षणीय, मध्यम आणि कमी अशा चार पातळ्या आणल्या. प्रकल्प चालू असताना ही पातळी पुन्हा तपासली जाते आणि परिस्थिती पालटली तर बदलली जाते.

मिश्र कामे आणि तुकडे

खरी कसोटी लागते ती एकाच करारात दोन वर्गांची कामे आल्यावर. युरोपीय संघाचे २०१४ चे सार्वजनिक खरेदीविषयक निर्देश साधारणपणे कराराचा मुख्य विषय पाहतात आणि त्याचे नियम संपूर्ण कराराला लावतात. ब्रिटनच्या १९९६ च्या बांधकामविषयक कायद्याने वेगळी वाट धरली. वीजनिर्मिती, जलशुद्धीकरण, रसायननिर्मिती अशा स्थळांवरील यंत्रसामग्री बसवणे आणि तिला आधार देणारे पोलादी सांगाडे उभारणे त्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळले. आणि मिश्र करार असेल तर कायदा फक्त बांधकामाच्या भागापुरता लागू होतो असे म्हटले. त्यामुळे वीजकेंद्राच्या एकाच कंत्राटात रस्त्याच्या बिलासाठी वैधानिक देयक-नियम व २८ दिवसांचा झटपट निवाडा, तर यंत्राच्या सांगाड्याच्या बिलासाठी यांपैकी काहीच नाही, अशी स्थिती उद्भवते. एका हप्त्यात दोन्ही कामांची रक्कम असली की निवाडा करणाऱ्याचा अधिकारच वादात सापडतो. यावर व्यवहारातला तोडगा म्हणजे संपूर्ण कामाला तेच देयक-नियम लागू राहतील, असे पक्षांनी करारातच लिहिणे.

वर्ग रकमेवर अवलंबून असेल तर कामाचे तुकडे करून मर्यादेखाली राहण्याचा मोह होतो. नियम टाळण्यासाठी अशी फोड करण्यास उपरोक्त युरोपीय निर्देश मनाई करतात. खासगी करारांत त्यासाठी एकाच जागेवरची, एकाच हेतूची कामे एकत्र धरावीत असे वेगळे कलम घालावे लागते.

निर्णय कोणाचा आणि कधीचा

चांगल्या मसुद्यात वर्गाच्या नावाबरोबर आणखी तीन गोष्टी असतात : वर्ग कोण ठरवणार, कोणत्या तारखेच्या माहितीवर ठरवणार आणि तो बदलला तर आधी झालेल्या कामाचे काय. अंदाजित खर्च आणि अंतिम खर्च यांत फरक पडतोच, म्हणून खर्चाचा निकष असेल तर ‘करारावर सह्या झाल्या त्या दिवशीचा अंदाज’ असे नेमके शब्द लागतात. न्यायालये सामान्यतः शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष जबाबदाऱ्या पाहतात. ‘पुरवठा करार’ असे नाव दिले, पण उभारणीची व चाचणीची जबाबदारीही घेतली, तर नावाचा आधार तोकडा पडतो. शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घेण्याचे जुने तत्त्वही काही प्रसंगी लावले जाते. तुल्यबळ पक्षांमधील व्यापारी करारांत मात्र त्याचा प्रभाव मर्यादित आहे.