‘विक्रांत’ का वाचली नाही? एका निर्णयाची पार्श्वभूमी

नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आणि भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिचा विषय पुन्हा निघाला. तिची 1971 मधील कामगिरी सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे येथे विचार करायचा आहे तो तिच्या निवृत्तीनंतरच्या काळाचा. मात्र तिच्या बांधणीतील एक बाब आधी सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिथपर्यंत जाते.

ही नौका दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश आरमाराच्या घाईतून जन्मली. हलक्या विमानवाहू नौकांचा हा वर्ग लवकर आणि कमी खर्चात तयार व्हावा म्हणून मुख्यतः व्यापारी जहाजांच्या पद्धतीने बांधला जात होता. जाड चिलखत त्यात नव्हते आणि युद्ध संपेपर्यंत, किंवा फार तर तीन वर्षे, सेवा मिळावी एवढीच अपेक्षा होती. 1945 मध्ये तिचे जलावतरण झाले, युद्ध संपताच काम अर्धवट थांबले, 1957 मध्ये भारताने ती अपुरी नौका विकत घेतली आणि 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली. तीन वर्षांच्या हिशेबाने आखलेली नौका 31 जानेवारी 1997 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 36 वर्षे, सेवेत राहिली. ज्यांनी तिचे बॉयलर आणि तिचे पत्रे सांभाळले, त्यांचे हे श्रेय फारसे कोणी उच्चारत नाही.

निवृत्तीनंतर तिचे मुंबईत संग्रहालय करायचे, यावर तत्त्वतः कोणाचाच विरोध नव्हता. 2001 मध्ये नौदलाने ती लोकांसाठी खुली केली. हँगरमध्ये जुनी विमाने मांडलेली होती, वर उड्डाणपट्टीवर उभे राहता येत होते, आणि शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्या. पण ही सोय तात्पुरती होती. नौका नौदलाच्या चालू गोदीत, सुरक्षा क्षेत्राच्या आत, तरंगत्या अवस्थेतच उभी होती. तिच्यासाठी कायमची जागा कधीच प्रत्यक्षात आली नाही आणि दीर्घकाळ संग्रहालय चालवील असा खासगी भागीदार राज्य सरकारला मिळाला नाही.

येथेच खरा वादाचा मुद्दा आहे. ‘विक्रांत’च्या प्रश्नाची चर्चा नेहमी ‘पैसे कोण देणार’ या एका वाक्यात झाली. त्याआधीचा प्रश्न होता, नौका पाण्यात ठेवायची की पाण्याबाहेर? खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाचा पत्रा सर्वांत वेगाने खंगतो तो जलरेषेच्या आसपास, जिथे लाटांमुळे तो सतत भिजतो आणि वाळतो. चालत्या नौकेला ठरावीक काळाने सुक्या (पाणी उपसून टाकलेल्या) गोदीत घेऊन तिचा तळ खरवडला जातो, रंगवला जातो आणि खराब पत्रे बदलले जातात. निवृत्त नौकेला हाच खर्च लागू राहतो, पण तो करण्याची निकड कोणालाच वाटत नाही. त्यामुळे तरंगते संग्रहालय म्हणजे दर काही वर्षांनी नव्याने उभे राहणारे देणे असते.

जपानने आपली ‘मिकासा’ ही युद्धनौका 1926 मध्ये योकोसुका येथे काँक्रीटमध्ये कायमची बसवली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावरच्या तोफा आणि मनोरे काढून नेले गेले, तिची पुरती दुर्दशा झाली. पण नौका जागची हलली नाही, बुडाली नाही, आणि 1961 मध्ये तिचे रूप पुन्हा उभे करता आले. याउलट अमेरिकेची ‘टेक्सास’ 1948 पासून पाण्यात ठेवली गेली. जाड चिलखताची ती नौकाही गळू लागली, पंप अखंड चालू ठेवावे लागले आणि अखेर 2022 मध्ये तिला गॅल्व्हेस्टनला दुरुस्तीसाठी ओढून न्यावे लागले. आपल्याकडेही विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर आणून 2002 मध्ये तिचे संग्रहालय झाले आणि ते आजही चालू आहे. पाणबुडी आकाराने लहान असते, आणि दोनशेहून अधिक मीटर लांबीची नौका मुंबईच्या भरती-ओहोटीत, गाळात कायमची बसवणे हे फार मोठे काम ठरले असते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ते काम पत्रे शाबूत असताना, निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, हाती घेणे शक्य होते. ती वर्षे प्रस्ताव आणि निविदांमध्ये गेली.

2012 मध्ये नौका प्रेक्षकांसाठी धोकादायक ठरवून बंद करण्यात आली. डिसेंबर 2013 मध्ये लिलावाचा निर्णय झाला. त्याविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. नौकेची अवस्था जतन करण्याजोगी उरलेली नाही आणि त्यासाठी निधीही नाही, असे कारण देण्यात आले. उपलब्ध कागदपत्रांवर न्यायालय दुसरे काय म्हणू शकले असते, हे सांगणे कठीण आहे. पण ही अवस्था एका वर्षात आलेली नव्हती. जानेवारी 2014 मध्ये ती सुमारे 60 कोटी रुपयांना विकली गेली, सर्वोच्च न्यायालयातूनही दिलासा मिळाला नाही, आणि 22 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईतील जहाजतोडणीच्या जागी, दारूखान्यात, तिचे तोडकाम सुरू झाले. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे मोटारसायकलींसाठी वापरला गेला आणि 2016 मध्ये मुंबईत गोदीजवळ तिचे छोटे स्मारक उभारले गेले.

नौदलाची दुसरी निवृत्त विमानवाहू नौका ‘विराट’ हिच्या वेळी चूक सुधारेल असे वाटले होते. 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ तिच्या संग्रहालयासाठी 852 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, म्हणजे या वेळी जागा ठरली होती. तरीही प्रकल्प उभा राहिला नाही. 2020 मध्ये ती 38.54 कोटी रुपयांना विकली जाऊन तोडकामासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्याला लागली. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर तिचा बराच भाग कापून झाला होता.

‘गुलदार’ या दोघींपेक्षा पुष्कळ लहान, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी नौका आहे. जानेवारी 2024 मध्ये ती निवृत्त झाली आणि 2025 मध्ये राज्याच्या ताब्यात आली, म्हणजे निवृत्ती आणि निर्णय यांच्यातील अंतर या वेळी साधारण वर्षाचे राहिले. तिला समुद्रतळावर ठेवण्याच्या योजनेत पत्रा टिकवण्याचा प्रश्नच बाजूला पडतो. त्याऐवजी तेल, रंग आणि इतर घातक द्रव्ये काढून नौका स्वच्छ करणे, ती ठरलेल्या जागी सरळ बसवणे आणि बुडी मारून ती पाहायला येणाऱ्यांना ये-जा करण्यासाठी सुरक्षित वाटा ठेवणे ही कामे पुढे येतात, आणि ती नौका बुडवण्याआधीच करावी लागतात.