नकाशावर बेट, जाऊन बघितलं तर पाणी

ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांच्या मधे कोरल सी म्हणून समुद्र आहे, तिथं सँडी आयलंड नावाचं एक बेट होतं. म्हणजे नकाशावर होतं. गूगल अर्थवर काळा लांबुळका डाग दिसायचा, साधारण २४ किमी लांब आणि ५ किमी रुंद, म्हणजे नजरेतून सुटावा एवढा लहानसा खडक पण नाही.

नोव्हेंबर २०१२ मधे सिडनी युनिव्हर्सिटीच्या मारिया सेटन आणि त्यांची टीम सदर्न सर्व्हेयर या जहाजावरून त्याच भागात समुद्रतळाचा अभ्यास करत होती. गंमत अशी की त्यांच्याकडच्या वैज्ञानिक डेटामधे तिथं बेट, आणि जहाज चालवायच्या चार्टवर मात्र १४०० मीटर पाणी! मग काय, सरळ तिकडंच गेले. बेट नाहीच. खोली मोजायला जहाजाखालून आवाज सोडतात आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघतात, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे खाली उथळ जमीन असली तर प्रतिध्वनी लगेच येतो, १३०० मीटरला हिशोबाने पावणेदोन सेकंद जातात. इथं खोली १३०० मीटरच्या आत कुठं आलीच नाही.

मग हे बेट आलं कुठून? १८७६ मधे व्हेलॉसिटी नावाच्या व्हेल पकडणाऱ्या जहाजाने तिथं फुटणाऱ्या लाटा आणि वाळूची बेटं बघितल्याचं कळवलं होतं. १९०८ च्या ब्रिटिश नौदलाच्या चार्टवर ते तुटक रेघेने काढलेलं दिसतं, म्हणजे नक्की माहीत नाही पण जपून जा. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण नसलेलं बेट दाखवलं तर जहाजाला थोडा वळसा पडतो, असलेलं पुसलं तर जहाजच फुटतं. घोळ पुढे झाला. कागदी चार्टवरून किनाऱ्यांचा डिजिटल डेटा बनला आणि त्यात ती तुटक रेघ सलग होऊन बसली, शंका गेली आणि बेट राहिलं, मग जो तो तोच डेटा उचलत गेला.

त्या जहाजाने बघितलं काय असेल याचा एक अंदाज मला पटतो. टाचा घासायला भोकाभोकांचा हलका दगड मिळतो ना, प्युमिस, तो ज्वालामुखीतून निघतो आणि पाण्यावर तरंगतो. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांकडे समुद्रात उद्रेक झाला की याचे मोठमोठे तराफे वाहत इकडं येतात, लांबून बघितलं तर वाळूचं बेटच वाटावं.

बातमी फुटल्यावर काही दिवसांत गूगलने तो डाग काढून टाकला. फ्रेंचांनी त्यांच्या चार्टवरून हे बेट १९७० च्या दशकातच उडवलं होतं, पण ते बघायला गेलं कोण?