नियम आधी कँटीनला, मग फाटकाला

सातारा-सांगलीकडच्या शाळांपुढे मधल्या सुट्टीत पूर्वी चिंचा, बोरं, फुटाणे, भाजक्या शेंगा विकल्या जायच्या. 1990 नंतर त्यांची जागा पाकिटांनी घेतली. टपरीवाल्याचा हिशोब सरळ होता: बोरं दोन दिवसांत सुकतात, नायट्रोजन भरलेलं पाच रुपयांचं पाकीट महिनोन्‌महिने दोरीला लटकतं, वाया काही जात नाही. सोबत नळीतली रंगीत ‘पेप्सी’ आली आणि बरणीतले पोंगे. पोंग्यांत खरी भीती तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक ध्रुवीय संयुगं साठतात. जुलै 2018 पासून ती 25 टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला बंदी आहे. पण फाटकापाशी ते मोजतंय कोण?

कायद्याची चाल उलटी झाली. शाळांत आणि शाळांभोवती असले पदार्थ विकायला बंदी घाला, अशी याचिका उदय फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केली, निकाल मार्च 2015 मध्ये लागला. मे 2017 मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं हटवायला सांगितलं. चांगलंच झालं, पण वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेला उपाहारगृह असतं कुठे? तिथली विक्री फाटकाबाहेरच होते. फाटकापर्यंत नियम पोचला तो 1 जुलै 2021 ला. फाटकापासून कुठल्याही दिशेला 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायचे नाहीत, फुकट वाटायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. तसा फलक फाटकावर लावणं शाळेचं काम.

अडतं ते इथेच. फलक लागतो, टेप कोणी लावत नाही. मागचं दार मोजणीतून सुटतं. टपरी एसटी थांब्यापाशी सरकते आणि पोरं तिथूनच घरी जातात. म्हणून दोन्ही दारांपासून अंतर मोजून, ग्रामपंचायतीसमोर खडूची रेघ मारून घेतलेली बरी.

सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. राज्य मंडळाच्या शाळेनेही तसा फलक जरूर करावा, पोरांकडूनच. बाटलीवर 100 मिलीला 11 ग्रॅम साखर छापलेली असेल, तर 200 मिलीच्या बाटलीत 22 ग्रॅम, म्हणजे साडेपाच चहाचे चमचे. 1600 कॅलरी लागणाऱ्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दिवसभरात वरून घातलेली साखर जास्तीत जास्त 40 ग्रॅम चालते, 20 च्या आत राहिली तर उत्तम.