जुन्या न वाचलेल्या पुस्तकांचं वार्षिक चॅलेंज

घरात आधीपासून पडून असलेली, विकत घेतलेली नाहीतर भेट आलेली पण कधी उघडलीच नाहीत अशी पुस्तकं एका वर्षात ठरवून वाचायची, तेवढं वर्ष नवीन खरेदीला लगाम घालायचा आणि डिसेंबरअखेर काय वाचलं, काय राहिलं याचा हिशोब मांडायचा, अशी ही पद्धत. वाचक मंडळी हिला टीबीआर चॅलेंज म्हणतात, बॅकलॉग चॅलेंज म्हणतात, आणि ‘टीबीआर’ म्हणजे वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांचा अख्खा ढीग. सुरुवात बहुतेक जण १ जानेवारीला करतात, काही जण मुद्दाम गुढीपाडव्याला करतात, त्याने फार फरक पडत नाही, फक्त तारीख एकदा ठरली की ती हलवायची नाही.

नेहमीच्या वाचन-चॅलेंजपेक्षा हे वेगळं आहे हे आधी नीट समजून घ्यायला हवं. गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटने २०११ पासून वर्षाचा आकडा ठरवून वाचायचं चॅलेंज चालवलंय, तिथे कुठलंही पुस्तक चालतं, काल घेतलेलं असो की वीस वर्षांपूर्वीचं. त्यात एक खोट आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं, कारण नुसता आकडा गाठायचा असला की माणूस आपोआप शंभर-सव्वाशे पानी पुस्तकांकडे वळतो आणि दोन खंडांचं चरित्र, सातशे पानांची कादंबरी, बारीक टायपातला इतिहास हे सगळं अजून एक वर्ष मागे ढकललं जातं. जुन्या पुस्तकांच्या चॅलेंजमध्ये आकड्याला महत्त्व कमी, महत्त्व याला की प्रत्येक पुस्तकाचा काहीतरी निकाल लागला पाहिजे. वाचलं, नाहीतर थोडं वाचून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या कोणाला दिलं. तिसरा पर्याय म्हणजे परत कपाटात, आणि तोच बंद करायचाय.

नियम

सगळीकडे एकच नियमावली नाहीये पण गाभा सारखाच असतो. पुस्तक चॅलेंज सुरू व्हायच्या आधी तुमच्या मालकीचं हवं. जगभर फिरलेल्या एका प्रकारात नियम जरा कडक आहे, पुस्तक किमान एक वर्ष तुमच्या शेल्फवर पडलेलं असलं पाहिजे, आणि यादी सुरुवातीलाच जाहीर करायची, १२ पुस्तकं आणि वर २ राखीव, म्हणजे बारातली दोन अगदीच जमली नाहीत तर बदली खेळाडू तयार. दुसऱ्या एका प्रकारात टप्प्यांना डोंगरांची नावं आहेत, १२ पुस्तकं म्हणजे पाइक्स पीक, २४ म्हणजे माँ ब्लाँ, १०० झाली की एव्हरेस्ट. तिसरा प्रकार छोटा पण माझ्या मते सगळ्यात परिणामकारक आहे, त्यात १ जानेवारी ते १ एप्रिल एवढे तीनच महिने फक्त घरातलंच वाचायचं, बाहेरचं काही नाही. तीन महिने कोणालाही जमतात, आणि तेवढ्यात आपल्याकडे नक्की काय काय आहे ते तरी कळतं.

लायब्ररीतून आणलेलं पुस्तक धरत नाहीत, मित्राकडून आणलेलं धरत नाहीत (पण तीन वर्षं परत न केलेलं असेल तर ते आधी वाचा आणि देऊन टाका, यात वाद घालू नये). किंडलवर घेऊन ठेवलेलं धरतात. एकदा वाचलेलं परत वाचलं तर ते धरत नाहीत. अर्ध्यावर सोडलेलं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करायचं की जिथे खूण आहे तिथून, यावर मतं वेगवेगळी आहेत, पण पाच-सात वर्षांपूर्वी सोडलेलं असेल तर पहिल्या पानापासूनच घ्यावं, कारण वाचणारा माणूस मधल्या काळात बदललेला असतो आणि आधीची शंभर पानं त्याला आठवतही नसतात.

मराठी वाचकांचा एक खास प्रश्न म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि आज एकेका घरात दरवर्षी चार-पाच अंक येतात, दोन वाचले जातात, बाकीचे ‘नंतर निवांत’ म्हणून टेबलाखाली जातात. ते पुस्तक म्हणून धरायचे का? माझं मत धरावेत असं आहे. एका जाड अंकात कथा, दीर्घ लेख, कविता, व्यंगचित्रं धरून एका पुस्तकापेक्षा जास्तच मजकूर असतो, आणि त्यातल्या बऱ्याच लेखांची पुढे पुस्तकं होत नाहीत, म्हणजे तिथे वाचलं नाही तर ते राहिलंच. अट एवढीच की अंक अख्खा वाचायचा, नुसतं भविष्य आणि व्यंगचित्रं बघून टिकमार्क करायचा नाही.

मुंबईत ढीग होतो कसा

या शहरात पुस्तक घेणं फार सोपं आहे आणि ठेवणं फार अवघड. दादर वेस्टला उतरलं की छबिलदासच्या गल्लीत आयडियल हे पुस्तकांचं दुकान, पुढे शिवाजी मंदिर नाट्यगृहात मॅजेस्टिकचं, नाटकाला अर्धा तास लवकर गेलेला माणूस हमखास एक-दोन पुस्तकं घेऊनच आत शिरतो. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला जुनी पुस्तकं मिळतात, तिथे भाव करून मिळालेलं पुस्तक स्वस्त पडल्यामुळे ते वाचायची घाई राहत नाही. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमधल्या प्रदर्शनातून लोक पिशव्या भरभरून नेतात. त्यातच मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत, म्हणजे आधी पैसे भरा आणि तीन खंडांचा संच कमी किमतीत घ्या, हे संच घरोघरी पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट उभे आहेत. १९७५ साली मुंबईत ग्रंथालीची वाचक चळवळ सुरू झाली, पुस्तक परवडेल अशा किमतीत वाचकाच्या हातात जावं ही त्यातली मोठी गोष्ट, आणि त्या पिढीने मनापासून घेतलेली पुस्तकं आता मुलांकडे, नातवंडांकडे आली आहेत. घेणाऱ्याने वाचली होती, ज्यांच्याकडे आली त्यांनी नाही.

जागेचा प्रश्न तर सगळ्यांना माहितीये. वन आरकेत किंवा वन बीएचकेत बुकशेल्फ म्हणजे चैन, म्हणून पुस्तकं बॉक्स बेडमध्ये, पोटमाळ्यावर, वॉशिंग मशीनच्या वरच्या कपाटात, शेल्फ असलं तरी एकामागे एक दोन रांगांत, आणि मागच्या रांगेत काय आहे ते घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. रिडेव्हलपमेंटने यात अजून भर टाकली. बिल्डिंग पाडायला गेली की माणसं भाड्याच्या घरात जातात, पुस्तकं खोक्यांत भरून चिकटपट्टी लावून नातेवाइकांकडे किंवा त्याच भाड्याच्या घरात बेडखाली, आणि नवीन ताबा मिळेपर्यंत कित्येक वर्षं जातात. नवीन घरात गेल्यावरही ती खोकी सगळ्यात शेवटी उघडतात. मुंबईत हे चॅलेंज करणाऱ्या माणसाने म्हणूनच वाचायला सुरुवात करायच्या आधी एक काम करावं, सगळी खोकी उघडून यादी करावी, साध्या वहीत, पुस्तकाचं नाव, कधी आलं, कुठून आलं. या एका कामात एक-दोन रविवार जातात पण चॅलेंजचा निम्मा फायदा इथेच पदरात पडतो, कारण एकच पुस्तक दोनदा घेतलंय हे इथे कळतं, आणि दहा वर्षांपूर्वी आपल्याला कशाची ओढ होती तेही कळतं.

हवा, कसर आणि जुनी छपाई

मुंबईची दमट हवा कागदाची वैरी आहे. जुन्या स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन आणि आम्ल असतं, त्याने पानं पिवळी पडतात, मग ठिसूळ होतात आणि दुमडलं की तुकडा हातात येतो. पावसाळ्यात बुरशीचे डाग पडतात, कसर लागते आणि ती खळ नि कागद दोन्ही खाते, वाळवी आली तर ढीगच संपतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं आणि इतर सगळ्या सामानाबरोबर पुस्तकंही गेली, त्यातली कित्येक कोणी उघडलेलीही नसतील. म्हणून यादी मे महिन्यातच एकदा तपासावी, पुस्तकं बाहेर काढावीत, मऊ कोरड्या कपड्याने झटकावीत, पंख्याखाली ठेवावीत (कडक उन्हात नको, बांधणी सुटते), कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, आणि ज्यांची पानं तुटायला लागली आहेत ती वाचायला पुढे घ्यावीत. हा क्रम मला सगळ्यात न्याय्य वाटतो, जे पुस्तक सगळ्यात कमी दिवस टिकणार ते आधी वाचायचं.

आजोबांच्या काळातली पुस्तकं असतील तर अजून एक अडचण येते. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली लागू झाले, आधी १४ होते, मग १९७२ मध्ये ४ वाढवले, आणि त्यात उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याच्या आधीची छपाई म्हणजे नाहीं, कांहीं, तेथें, घरें, डोळ्यांसमोर नुसते ठिपकेच ठिपके, आणि आजच्या पोरांना पहिल्या दहा पानांत वैताग येतो. पण हे फक्त सवयीचं आहे, तीस-चाळीस पानं नेटाने वाचली की ते ठिपके दिसेनासे होतात आणि वाचन सुरळीत चालू होतं. या कारणासाठी एखादं चांगलं जुनं पुस्तक सोडून दिलं तर फार वाईट वाटतं मला, कारण त्यातली बरीच परत छापली गेलेली नाहीत आणि घरातली ती प्रत गेली की मग लायब्ऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

वेळ कुठून आणायचा

रोज २० पानं धरली तर वर्षाची ७,३०० होतात, म्हणजे अडीचशे पानांची साधारण २९ पुस्तकं. २० पानं म्हणजे मराठीत अर्धा-पाऊण तास, तेवढा वेळ विरार-चर्चगेट किंवा कल्याण-सीएसएमटी करणाऱ्या माणसाला एका बाजूच्या प्रवासातच मिळतो, बसायला जागा मिळाली तर. जागा मिळाली नाही तरी दोन पॅसेजच्या मध्ये उभं राहून पातळ पेपरबॅक एका हातात धरता येतं, जाड बांधणीचं येत नाही, आणि ठिसूळ पानांचं तर गर्दीत बाहेर काढूच नये. म्हणून अनुभवी लोक दोन पुस्तकं समांतर चालू ठेवतात, एक ट्रेनचं, एक घरचं, आणि घरचं नेहमी जाड असतं. हे करून बघण्यासारखं आहे, कारण जाड पुस्तकांना फक्त सुट्टीत वाचू म्हणून ठेवलं की ती कायमची राहतात.

सोडून देणं

अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ५० पानांचा नियम यात बरेच जण वापरतात. पन्नाशीच्या आत असाल तर ५० पानं वाचा, नाही रुचलं तर खुशाल बंद करा, आणि पन्नाशी उलटली असेल तर १०० मधून वय वजा करा, जितकी येतील तितकी पानं पुरे. म्हणजे सत्तर वर्षांच्या काकांनी ३० पानांत ठरवावं. चॅलेंजमध्ये असं सोडलेलं पुस्तकही हिशोबात धरावं, पण वेगळ्या रकान्यात, आणि ते घरातून बाहेर गेलं पाहिजे ही अट ठेवून. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं एक आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, आणि तुमच्या बॉक्स बेडमध्ये पडून राहिलेल्या पुस्तकाला तो मिळण्याची काहीच शक्यता नसते.

बाहेर म्हणजे कुठे, हा मुंबईत खरा प्रश्न आहे. रद्दीवाला वजनावर घेतो, त्यातून चांगलं पुस्तक फूटपाथवरच्या विक्रेत्यांकडे पोचलं तर पोचलं, नाहीतर थेट लगद्यात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधी १८९३ चं, पण अशा संस्थांकडे जागेची अडचण असते, त्यांच्याकडे आधीच असलेल्या पुस्तकांच्या अजून प्रती नेऊन टाकू नयेत, आधी फोन करून यादी सांगावी आणि काय हवंय ते त्यांनाच ठरवू द्यावं. सोसायटीच्या ऑफिसात एक कपाट, गावच्या शाळेत लहान मुलांची पुस्तकं, ओळखीच्या कॉलेजच्या मुलांना संदर्भाची, हे जास्त उपयोगी पडतं. फाटकं, बुरशी आलेलं पुस्तक दान म्हणून देऊ नये.

वर्षअखेरचा हिशोब

डिसेंबरात तीन आकडे मांडतात, वाचलेली किती, दिलेली किती, आणि वर्षात नवीन आलेली किती. तिसरा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तर ढीग वाढलाय, मग चॅलेंजमध्ये पंचवीस पुस्तकं वाचलेली असली तरी. यावर उपाय म्हणून काही जण दोन वाचली की एक घ्यायचं असा दर ठरवतात, काही जण फक्त वाढदिवसाला आणि दिवाळीला घेतात. राहिलेली नावं पुढच्या यादीत सगळ्यात वर लिहायची असतात. एखादं नाव सलग दोन वर्षं वर राहिलं तर तिसऱ्या वर्षी जानेवारीत पहिलं तेच उघडायचं आणि ५० पानांचा नियम लावून त्या महिन्यातच त्याचा निकाल लावायचा.